विश्रांतीत जागणारी व्यथा

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत आषाढातील लावणी चालू असता, दिवसभर चिखलात वाकून राबलेल्या बाईने रात्री अंथरुणाला पाठ टेकताच तिच्या पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू व्हावी, पाय हलविल्यावाचून राहवू नये, उठून सारवलेल्या गार भुईवर चार फेऱ्या घातल्या की ती शमावी आणि पुन्हा आडवे होताच परतावी, अशा तक्रारीचा निकाल घरात बहुधा तत्काळ लागतो: दमलीस, पाय चेपून घे.

हा निकाल मला मान्य नाही. श्रमाचा शीण विश्रांतीने उतरतो. ही व्यथा विश्रांतीतच उद्भवते, तीही विशेषेकरून दिवस मावळल्यावर. मुंबईहून कर्जतला परतणारा एखादा चाकरमानी लोकलमध्ये मोठ्या मुश्किलीने मिळालेली जागा सोडून उभा राहतो, तेव्हा इतरांना त्याचे नवल वाटते. परंतु ज्या देहाला स्वस्थ बसणेच असह्य झाले, त्याला त्या जागेचे सुख कोठून असणार?

इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने सतराव्या शतकातच या पीडेचे वर्णन केले होते. तिला स्वतंत्र रोगाचा दर्जा मात्र स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांच्या १९४५ सालच्या प्रबंधाने मिळाला. मध्यंतरीच्या दीर्घ उपेक्षेचे एक कारण मला आपल्या ज्ञानविषयक समजुतीत दिसते. बाहेर वस्तू असावी आणि इंद्रियांनी तिची वर्दी आत द्यावी, असे आपण धरून चालतो. येथे ना मुंगी, ना काटा, ना त्वचेवर ओरखडा; तरीही संवेदना लख्ख असते, आणि पुष्कळदा तिला वेदनाही म्हणवत नाही, कारण जाणवणे आणि हलण्याची निकड ही तिच्यात एकजीव झालेली असतात. फडक्याने पोटरी आवळली किंवा रंगलेल्या गप्पांत मन गुंतले, तर ती काही काळ मंदावतेही; म्हणून तिला मनाचा खेळ ठरविणे हा अन्याय होय.

तिचे मूळ मज्जासंस्थेत आहे. मेंदूतील लोहाची उणीव आणि डोपामिन या द्रव्याच्या व्यवहारातील बिघाड यांचा तिच्याशी निकट संबंध आढळला आहे. गरोदरपणी ती पुष्कळदा बळावते व प्रसूतीनंतर बहुधा ओसरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानी घेता खेड्यातील आरोग्य केंद्रात पायांच्या या वळवळीविषयी आपण होऊन विचारले गेले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

कारण या रोगाचा निर्णायक पुरावा रुग्णाच्या जबानीतच असतो. तो सिद्ध करणारी रक्ताची वा यंत्राची चाचणी नाही. पाय हलवावेसे वाटतात काय, बसल्या-निजल्यावर ते वाढते काय, चालल्याने उणावते काय, रात्री अधिक होते काय, एवढे विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे. मग लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन तपासावे. हिमोग्लोबिन यथास्थित असूनही हा साठा रोडावलेला असू शकतो, आणि प्रौढ रुग्णात तो लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली असला, तर प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सामान्य’ असा शेरा असतानाही वैद्य लोह देण्याचा विचार करतात.