ओळख हरपली तरी

“आता ते कुणालाच ओळखत नाहीत, मग भेटायला जाऊन काय उपयोग?” स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयी हे वाक्य आपल्या धर्मग्रामात ऐकू येते. आपणही ते कधी बोलतो. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेचे काम या प्रश्नाच्या फार जवळ जाते.

मिल्नरबाईंचा जन्म १९१८ साली मँचेस्टरचा. १९४४ मध्ये त्या कॅनडात आल्या आणि पुढे माँट्रियलमध्ये मेंदूच्या रुग्णांचा अभ्यास करू लागल्या. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतील तरुण फेफऱ्याने बेजार झाला होता. १९५३ मध्ये हार्टफर्ड येथे त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग डॉक्टरांनी काढला. झटके कमी झाले; पण नवे काही लक्षात राहीना. बालपण आठवे, मघाचे जेवण आठवत नसे. १९५५ पासून मिल्नरबाई त्याला तपासत; दर भेटीत त्या त्याला नवख्याच.

त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. (घरी करून पाहावे, हात भलतीकडेच जातो!) तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला, मात्र हे आपण पूर्वी केले आहे याची त्याला आठवणच नव्हती. डोक्याला ठाऊक नव्हते ते हात शिकला होता. स्मृती एकच नसते, हे यातून कळले.

त्यानंतर कित्येक वर्षे हेन्रीवर प्रयोग झाले. कशाला होकार दिला हेच ज्याच्या लक्षात राहत नाही, त्याचा होकार किती खरा धरायचा? आम्हाला हा प्रश्न अजून बोचतो. २००८ मध्ये तो वारला, तोवर जगाला त्याची फक्त आद्याक्षरे माहीत होती.

२०१० साली अमेरिकेतल्याच आयोवा येथील संशोधकांनी अशाच पाच रुग्णांना दुःखी प्रसंगांचे चित्रपट दाखवले. थोड्या वेळाने प्रसंग विसरले गेले, उदासी मात्र रेंगाळली. आनंदाचेही तसेच.

म्हणजे आपण अर्धा तास शेजारी बसलो तर ते वाया गेले असे म्हणता येत नाही. आणि काहीच उरत नसते तरी, आम्हाला वाटते, जायला हवेच होते. माणसाचे देणे त्याच्या आठवणीवर ठरत नाही. पण याची दुसरी बाजू अवघड आहे. त्रासून आपण खेकसलो, तर शब्द विसरले जातील, दुखावलेपण कदाचित राहील. “सांगा पाहू, मी कोण?” अशी परीक्षा घेण्यापेक्षा आपले नाव आधी आपणच सांगावे.