उष्णतेची दुहेरी नोंद

सरकारी कागदांवर बुलडाणा जिल्ह्याचे तेरा तालुके आहेत. माणसे मात्र दोनच मानतात: एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. घाटाखालचा मनुष्य मे महिन्यात वर आला, की "वा, काय गार आहे हो तुमच्याकडे!" म्हणतो, आणि घाटावरचा यजमान त्याच वेळी मागच्या दारी बनियन पिळत असतो.

आमचे मेव्हणे घाटाखालचे, मलकापूरचे. त्यांच्याजवळ ॲम्बॅसॅडर गाडी आहे. ही गाडी काढणारा कारखाना २०१४ साली थांबला, परंतु मेव्हण्यांची श्रद्धा थांबलेली नाही. मलकापूरहून मोताळ्यापर्यंत ती एखाद्या निवृत्त कलेक्टरासारखी डौलात येते. पुढे राजूर घाट लागला, की कलेक्टरसाहेबांना धाप लागते. चढ उभा, गिअर खालचा, वेग बैलगाडीचा. समोरून वारा मिळत नाही आणि इंजिन तर जिवाच्या आकांताने राबत असते. मग एखाद्या वळणावर थांबायचे, बॉनेट उघडायचे, पेट्रोलच्या नळीवर ओले फडके टाकायचे आणि कठड्यावरच्या वानरांची करमणूक करायची.

यंदा मेव्हण्यांनी ठरवले, की बॉनेटलाच भोक पाडायचे. शर्यतीच्या गाड्यांना असते तशी पट्ट्यापट्ट्यांची जाळी बसवायची, म्हणजे आतला धग परस्पर बाहेर. मी बँकेत असल्यामुळे मला कोणत्याही गोष्टीत प्रथम कायदा आठवतो. म्हटले, १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणीच्या पुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, बॉनेट अखंड आहे असं त्या पुस्तकात कुठं लिहिलंय?" बँकेत असे प्रश्न आले, की आम्ही ते वरच्या कार्यालयाकडे पाठवतो. इथे वरचे कार्यालय नव्हते. आम्ही मिस्त्रीकडे गेलो.

मेव्हण्यांना भोक काचेजवळ हवे होते, म्हणजे समोरून दिसले नसते. अब्रूदार माणसाला भोकही आडोशाला लागते! मिस्त्रीने मान हलवली. "साहेब, भोक पाडाले काय लागते? छिन्नी अन् हातोडा. पण कुठं पाडाचं, ते इचारा ना." त्याने सुताचे बोटभर तुकडे बॉनेटवर ठिकठिकाणी चिकटवले आणि गाडी धाड रोडने जोरात नेऊन दाखवली. पुढच्या भागातले धागे मागे सरळ ताणले गेले. काचेच्या पायथ्याशी असलेले मात्र गोंधळून वाटेल तसे फडफडत राहिले. कारण धावत्या गाडीचा वारा काचेवर येऊन आपटतो, तुंबतो, आणि तिथे दाब वाढतो. अनेक गाड्या आत बसणाऱ्यांसाठी ताजी हवा तिथूनच घेतात, ती याचमुळे. तिथे भोक पाडले तर आतली गरम हवा बाहेर जाणार नाही, उलट बाहेरची आत घुसेल. बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे, वारा वेगाने निसटतो आणि दाब कमी असतो. भोक तिथे पाडायचे. घाटात गाडी रांगत असली, तरी गरम हवा हलकी असल्यामुळे आपसूक वर निघते. पाऊस आत येऊन डिस्ट्रिब्युटरवर पडू नये म्हणून खाली पत्र्याची छोटी पन्हळ लावायची, आणि बॉनेटच्या आतल्या आडव्या पट्ट्या कापायच्या नाहीत, नाहीतर पत्रा थरथरतो. "ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणाला, "गरमी जिथं दाब कमी, तिथूनच निंगते."

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. माझा आणि पदार्थविज्ञानाचा संबंध मॅट्रिकलाच संपला. पण हे वाक्य ऐकले आणि मला मिस्त्रीचे गॅरेज दिसेनासे होऊन आमची शाखा दिसू लागली.

जून महिना घ्या. पीककर्जाचे उद्दिष्ट गाठले नाही म्हणून वरून फोन येतो. मॅनेजरसाहेब तापतात. ती उष्णता ते फोनमधून परत वर पाठवू शकत नाहीत, कारण तिथे दाब जास्त. पाठवलीच तर दुप्पट होऊन बदलीच्या हुकुमासह आत येईल. तेव्हा ती हेडकॅशियरकडे येते, हेडकॅशियरकडून काउंटरवर. आणि काउंटरच्या पलीकडे सातबारा, आठ-अ आणि आधार कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन, सकाळच्या एस.टी.ने आलेला मनुष्य उभा असतो. "बाबा, यावर शिक्का नाही. उद्या या." आवाज जरा चढलेला. तो काही बोलत नाही. टोपी सारखी करतो आणि जातो. शाखेतले तापमान उतरते. मॅनेजरसाहेब चहा मागवतात.

आम्हा वाणिज्यवाल्यांना थर्मोडायनॅमिक्स कळायला काहीच अडचण नाही. ती सरळसरळ दुहेरी नोंद आहे. उष्णता नाहीशी होत नाही. इकडे क्रेडिट पडली, की तिकडे कुणाच्या तरी नावे डेबिट पडलीच पाहिजे. आमच्या जिल्ह्यात हे डेबिट शेवटी कुठे जाऊन थांबते, ते पाहायला लेजर उघडावे लागत नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे पॅकेज मिळाले, त्यांत बुलडाणा होता. एका न मारलेल्या शिक्क्याने काही होते असे मी म्हणत नाही. पण उद्या पुन्हा एस.टी.चे भाडे भरणाऱ्या त्या मनुष्याच्या बॉनेटला जाळी कुठे आहे, हा प्रश्न मला गॅरेजमध्ये पडला.

मन मोकळे करावे, साचू देऊ नये, असे हल्ली जो तो सांगतो. पण २००२ साली ब्रॅड बुशमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवले आणि त्यांतल्या काहींना त्या चिडवणाऱ्याला आठवत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. ज्यांनी ठोसे मारले त्यांचा राग उतरला नाही, तो वाढला. जे नुसते बसून राहिले ते बरे निघाले. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे, की रागवायला हरकत नाही. पण योग्य माणसावर, योग्य कारणाने, योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी रागवावे. बरोबर आहे. फक्त त्याच्या शाळेवर विभागीय कार्यालयाचा फोन येत नसावा. योग्य माणूस बहुधा काचेच्या पायथ्याशी बसलेला असतो, आणि तिकडे भोक पाडले तर काय होते ते सुताच्या धाग्यांनी दाखवलेच आहे.

आता मिस्त्रीची दुसरी गोष्ट सांगतो. छिन्नी हातात घेण्यापूर्वी त्याने रेडिएटर काढला आणि उलटा करून आपटला. आतून पांढरी खपली पडली. मेव्हण्यांचे शेत पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरचे पाणी पिकाला चालत नाही, तोंडात धरवत नाही. ते मेव्हणे वर्षानुवर्षे रेडिएटरात भरत आले. नळ्यांना क्षार बसले, पाणी फिरेना, गाडी तापणारच. "आदी हे धुवा," मिस्त्री म्हणाला. "चांगलं पाणी भरा, झाकणाचं रबर बदला, मंग भोकाचं पाहू." मेव्हण्यांना हे रुचले नाही. रेडिएटर धुतलेला चारचौघांना दाखवता येत नाही. जाळी दाखवता येते. त्यांनी दोन्ही केले. घाटातली वानरे तेव्हापासून करमणुकीला मुकली आहेत.

पूर्वी आमच्याकडे धाब्याची मातीची घरे असत. चुलीचा धूर जायला छतातच भोक ठेवलेले असे. त्याला सवणे म्हणत. धूर सरळ आभाळात जाई, शेजारच्या ओसरीत नाही. भोक वर पाडायचे ही अक्कल त्या घरांना होती. आमच्या बँकेच्या एअरकंडिशनरला ती नव्हती. हे यंत्र खोलीतली उष्णता बाहेर टाकते आणि त्यात स्वतःला लागलेल्या विजेची उष्णताही मिळवते, म्हणजे मुद्दल अधिक व्याज. आणि हे सगळे आमच्या भिंतीवरून थेट चहाच्या टपरीवर पडत असे. टपरीवाला आधीच दिवसभर स्टोव्हपुढे उभा. त्याने चार उन्हाळे ते सोसले, कारण चहाचे मोठे गिऱ्हाईक आम्हीच. दाब कमी!

गॅरेजमधून आल्यावर मी मॅनेजरसाहेबांना अर्ज दिला, की बाहेरचा डबा गच्चीवर न्यावा. त्यांनी दोनदा वाचला. "तक्रार कुणाची आहे?" तक्रार कुणाचीच नव्हती, टपरीवाला तर "राहू द्या ना साहेब" म्हणत होता. दोन आठवडे कागद टेबलावर पडून राहिला. मग एका दुपारी साहेब स्वतः चहाला खाली उतरले आणि पाच मिनिटे त्या डब्यासमोर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माणसे आली, दोर लावून डबा गच्चीवर चढवला. बिल माझ्या टेबलावर आले. साहेब केबिनमधून म्हणाले, "अहो, हे कुठल्या खात्याला टाकायचं?"

मी किरकोळ खर्चाला टाकले.