पाळीचा तास कुणासाठी?

जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमधल्या एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. पालकांच्या तक्रारीनुसार, पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं गेलं, डागांचे फोटो पडद्यावर दाखवले गेले आणि कुणाची पाळी सुरू आहे, हे सगळ्यांसमोर विचारलं गेलं. 'नाही' म्हणणाऱ्या मुलींना कपडे उतरवायला लावून तपासण्यात आलं. पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली.

कायदा आपलं काम करील. आपण विचार करायचा तो वेगळ्या गोष्टीचा. अटक झाली ती बायकांना, त्याही शाळेत काम करणाऱ्या. पाळी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं असं थोडंच आहे? तरीही फरशीवरच्या डागाची चौकशी चोरीसारखी झाली. मुलींना माहिती दिली की प्रश्न सुटतो, या आपल्या लाडक्या समजुतीला इथेच तडा जातो.

शाळेतला पाळीचा तास कसा होतो, ते आठवून पाहा. वर्षातून एकदा डॉक्टरीणबाई नाहीतर एखाद्या कंपनीची ताई येते. सातवी-आठवीच्या मुली हॉलमध्ये, मुलं मैदानावर. दारं लोटली जातात. आकृती, पॅड कसं लावायचं, कितीदा बदलायचं, 'काही शंका?' शंका कुणालाच नसते. शेवटी प्रत्येकीच्या हातात एक पाकीट आणि बाईंची सूचना: दप्तरात ठेवा गं, मुलं येतायत. तासभर सांगितलेलं त्या एका वाक्याने पुसलं जातं. ही लपवायची गोष्ट आहे, एवढाच धडा पक्का होतो.

बरं, हा तासही उशिराच. पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी सुरू होते, काहींना दहाव्या-अकराव्याच. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऋतुचक्राची आकृती येते ती दहावीत. तोवर बहुतेक मुलींनी दोन-तीन वर्षं पाळी काढलेली असते. त्यांना त्या आकृतीतून मिळतात ते परीक्षेचे गुण. जिला पाचवीत किंवा सहावीत चड्डीवर डाग पाहून आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटलं, तिच्या कामाची ती आकृती नव्हतीच.

आणि मैदानावर पाठवलेल्या मुलांचं काय? मे 2023 मध्ये उल्हासनगरात एका तीस वर्षांच्या भावाने बारा वर्षांच्या बहिणीला मारहाण करून ठार केलं. तिच्या कपड्यांवर रक्त दिसलं, त्यावरून त्याला तिच्या चारित्र्याचा संशय आला. ती तिची पहिली पाळी होती. त्याच्या क्रौर्याचं सगळं खापर अज्ञानावर फोडता येणार नाही. पण त्या घरात रक्ताचा खरा अर्थ सांगू शकेल असं ज्ञान ना त्याच्याकडे होतं, ना तिच्याकडे.

मग शिकवायचं काय? दोन पाळ्यांमधलं अंतर 21 ते 35 दिवसांचं, किशोरवयात त्याहून लांबलेलंही चालतं. पहिली दोन वर्षं ते मागेपुढे होणारच. एका पाळीत सरासरी दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. सुती कापड वाईट नाही. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं हवं. आता हेच कापड घरोघरी परकराखाली, अंधाऱ्या न्हाणीत वाळत असतं. म्हणजे आरोग्याला धोका कापडाचा कमी, लाजेचा जास्त. दुखणं असह्य असेल, दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल तर डॉक्टर गाठायचा. लोहाचं महत्त्वही सांगायचं: देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 मध्ये सांगून गेलं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मुली गुपचूप खिडकीबाहेर टाकतात, कारण ती कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

सरकारने काहीच केलं नाही, असं नाही. 8 मार्च 2018 ला महाराष्ट्रात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड, तेही बचत गटांमार्फत. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. पण पॅड हातात आलं तरी ते बदलायचं कुठे? 97.5 टक्के शाळांत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे, असं केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. आकडा खोलीचा आहे. त्या खोलीला आतून कडी आहे का, बादलीत पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का, आणि कुलपाची किल्ली शिपाईमामांकडे मागायला लागते का, हे त्या आकड्यात येत नाही. डबा नसला की पॅड संडासात जातं, संडास तुंबतो, आणि मग डाग कुणाचा याची चौकशी सुरू होते.

'मुलामुलींना एकत्र कसं सांगणार?' हा आक्षेप नेहमीचा. 2007 मध्ये अशाच आक्षेपांपुढे झुकून महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक सुरू केलं, त्या राज्याने! आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच, की मुलींना आधी आपापसात मोकळेपणी विचारता यायला हवं. तेवढी बैठक वेगळी घ्यावी. पण रक्त का येतं, हा धडा विज्ञानाचा आहे आणि विज्ञान अख्ख्या वर्गाला शिकवतात. पचनसंस्थेच्या तासाला आपण कुणाला बाहेर काढत नाही.

म्हणून हा धडा पाचवीत यावा, मुलामुलींना एकत्र मिळावा, आणि त्याआधी तो शिक्षक, मुख्याध्यापक, शिपाई या सगळ्यांना द्यावा. परीक्षा घ्यायचीच तर मुलींची नको, शाळेची घ्या. प्रश्न एकच पुरे: वर्गात एखादीच्या स्कर्टवर डाग पडला, तर पुढची दहा मिनिटं तुमच्या शाळेत काय होतं? ज्या शाळेत बाकावरचा मुलगा तिला आपलं जॅकेट देतो, बाई कपाटातून पॅड काढून देतात आणि गणिताचा तास पुढे चालू राहतो, ती उत्तीर्ण. बाकीच्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावण्याआधी आपल्या स्वच्छतागृहाची कडी बसवून घ्यावी.