ध्येयाचा वाटा

सातारा जिल्ह्यात शिक्षणसंस्थांचा विषय निघाला की कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव येते, आणि ते बहुधा एकट्याचेच येते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे राहिले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. हा क्रम आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतो. मला मात्र संस्थापकाच्या संकल्पापेक्षा तो संकल्प इतरांचा कसा झाला, हा प्रश्न अधिक विचार करायला लावतो.

भाऊराव त्यापूर्वी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडले होते. शेतकऱ्याचे दैन्य त्यांनी ओसरीवर बसून पाहिले होते. योजना मांडण्याआधी ज्यांच्यासाठी ती मांडायची त्यांचे ऐकून घेणे, ही पायरी हल्ली पुष्कळदा गाळली जाते.

वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सुखवस्तू घरातल्या, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. पतीचा हा निश्चय त्यांना सहज पचला असे नाही. पण एकदा पटल्यावर लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा त्यांनी दागिने मोडले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या दूरदृष्टीचा गौरव करताना तिची पहिली किंमत त्यांच्याच घराने मोजली, ही गोष्ट आपण तपशील म्हणून बाजूला ठेवतो. माझ्या मते संस्थेचा पाया नेमका तेथे आहे. घरातून आरंभ झाला, म्हणून पुढे गावांनी धान्य दिले आणि मुलांनी राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलला. १९४८ मध्ये सरकारी अनुदान थांबले, तरी संस्था तगली. सामायिक विहिरीचे पाणी सगळ्यांनाच हवे असते. खरी भागीदारी गाळ काढण्याच्या दिवशी कळते.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे नोकरी केली. तपासणीच्या आधी तेथील दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटने ध्येयवाक्य रंगवले गेले. त्यात ‘सर्वांगीण’, ‘गुणवत्ता’, ‘उत्कृष्टता’ असे सारे काही होते. सकाळची एसटी उशिरा आली की त्याच भिंतीशी मुले दप्तर पायाजवळ ठेवून उभी राहत. आमचे एक सहकारी त्यांना तास संपेपर्यंत बाहेर ठेवीत. दुसरे फळ्यावरचे लिहिणे न थांबवता खुणेनेच आत घेत. दोघेही निष्ठावान शिक्षक होते. भिंतीवरचे वाक्य दोघांपैकी एकाच्याही उपयोगी पडत नव्हते, कारण ते ठरवताना दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

पुढे एका बैठकीत एका शिक्षिकेने विचारले, “ही शाळा आधी कोणासाठी आहे, हे एकदा ठरवूया का?” वाद झाला, आणि तो काहीसा कडवटही होता. कित्येकदा एकवाक्यता ही भीड असते, म्हणून मी त्या कडवटपणाला दोष देणार नाही. अखेर ठरले ते इतकेच: एसटीच्या मुलांची हजेरी दुसऱ्या तासाला घ्यायची आणि बुडालेला भाग आम्ही पाळीपाळीने मधल्या सुटीत शिकवायचा. पहिली पाळी मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घेतली. भिंतीवर रंगवण्याजोगे त्यात काही नव्हते. पण त्यानंतर नवा शिक्षक आला तरी त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

समान ध्येयाची भाषा उलट्या कामीही येते, हेही नोंदवले पाहिजे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, वर्षाचे सगळे महिने मानधनही न मिळणाऱ्या तरुण प्राध्यापकांसमोर कर्मवीरांच्या त्यागाचे दाखले देणारी भाषणे मी ऐकली आहेत. वक्ते मोटारीतून आलेले असतात आणि श्रोत्यांच्या मानधनाची बिले तीन-तीन महिने तुंबलेली असतात. यथावकाश त्यांतला एखादा तरुण दुसरीकडे मुलाखत देऊन निघून जातो आणि त्याला संस्थेविषयी आस्था नव्हती, असा शेरा व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत एकमताने मारला जातो.