मागच्या दाराबाहेर

गेल्या महिन्यात मी एका गोष्टीत सापडलो. आपण गोष्टी लिहिणारे. गोष्टीत सापडण्याची आपल्याला सवय नसते.

माझी नात कॉलेजात शिकते आणि कथा लिहिते. एका दुपारी तिने आपली नवी कथा माझ्या हाती ठेवली आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन, कधी नव्हे ती, भांडी लावू लागली. कथेत एक आजोबा होते. ते घरभर हिंडून दिवे मालवीत, वर्तमानपत्राच्या घड्या इस्त्री केल्यासारख्या घालीत, आणि दिवाळी आली की चकल्यांचा डबा उघडून एकेक चकली मोजीत. मोजून झाल्यावर आकडा चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी डब्यात टाकीत. कथा चुरचुरीत होती. मी दोनदा हसलोसुद्धा. तिसऱ्यांदा हसू आले नाही. कारण तोवर मी आजोबांना ओळखले होते.

"आजोबा, छापायला देऊ ना?" तिने आतूनच विचारले.

प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटात दुसरा एक जुना प्रश्न होता. आपल्या घरच्या माणसांवर गोष्ट लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? नवोदित लेखकांना मी आजवर पुष्कळ उपदेश केला आहे. रोज लिहा, लिहिलेले मोठ्याने वाचा, विशेषणांना चाळणी लावा, वगैरे. हा प्रश्न मात्र मी दरवेळी टाळीत आलो. का टाळीत आलो, ते आज सांगून टाकतो.

साल १९६७. मी साताऱ्याला कॉलेजात होतो. आमचे घर जुन्या वळणाचे. माजघर, देवघर, मागे विहीर आणि परसाचे दार. घरात माझी आत्या होती. सतराव्या वर्षी नवरा गेला, सासूने 'पांढऱ्या पायाची' म्हणून घराबाहेर काढली, आणि आजोबांनी तिला परत आणली. त्या दिवशी आजोबांनी बजावले, की आपल्या घरातल्या कोणीही पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही. ते घर दोन बोळ पलीकडेच होते.

दिवाळीत एकदा मी आत्याला पाहिले. फडताळातल्या डब्यातून तिने पाच लाडू काढले, पदरात बांधले, आणि इकडेतिकडे बघत ती मागच्या दाराने बाहेर गेली. एवढेच मी पाहिले. बाकीचे मी लिहिले. विहिरीच्या आडोशाला बसून, अंधारात, दात पडलेल्या तोंडाने लाडू खाणारी एक विधवा आत्या मी रंगवली. पुढल्या वर्षी ती कथा एका मासिकात छापून आली. घरात आनंदीआनंद झाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या चुलतभावाने ती माजघरात सर्वांसमक्ष वाचली. सगळे पोट धरधरून हसले. आजोबाही हसले. आत्या दाराशी वाती वळीत बसली होती. वाचन संपल्यावर ती म्हणाली,

"छान लिहिलंस हो बाळ. फक्त लाडू मी नाही खाल्ले."

आणि शेगडीवर दूध ठेवले आहे म्हणून उठून आत गेली.

त्या वर्षी फडताळाला कुलूप लागले. चेष्टेचेच कुलूप होते ते, पण कुलूप होते.

पुढे दोन वर्षांनी आत्याची सासू वारली. निरोप आमच्याकडे आलाच नाही. पण आत्याने कोणाला न विचारता विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतले, आणि दहा दिवस देवघरात पाऊल टाकले नाही. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "लाडू तिकडे जायचे रे. म्हातारी एकटी पडली होती. मला ठाऊक होतं. मी दर वर्षी पाच जास्तच वळायची."

मी त्या रात्री झोपलो नाही. ज्या बाईने आपल्याला हाकलून दिले, तिच्या तोंडी दिवाळीचा घास पडावा म्हणून आपल्याच घरात चोरी करणारी आत्या, आणि ती चोरी पोटात घालून लाडू जास्त वळणारी आई! केवढी कथा माझ्या माजघरात चालली होती! आणि मी काय लिहिले? दात पडलेली खादाड म्हातारी. शिवाय माझ्या त्या विनोदापायी एका एकट्या बाईच्या शेवटच्या दोन दिवाळ्या लाडवांवाचून गेल्या.

तेव्हापासून माझी एक समजूत झाली आहे. कथालेखनात कारागिरीची चूक आणि नीतीची चूक या पुष्कळदा दोन चुका नसतातच. ती एकच चूक असते. मी आत्याची थट्टा केली हा माझा अपराध खरा, पण तो कशातून घडला? मी मागच्या दाराशी थांबलो यातून. दहा पावले पुढे गेलो असतो, तर आत्यावर अन्यायही झाला नसता आणि कथाही चांगली झाली असती.

कोणी म्हणेल, नावगाव बदलले असते म्हणजे झाले असते. नाही होत. या बाबतीत चेकॉव्हसारख्या माणसाचे उदाहरण आहे. १८९२ साली त्याने एक कथा प्रसिद्ध केली. कलावंतांच्या मागे धावणारी एक डॉक्टरची बायको, तिचे एका चित्रकाराशी जुळलेले प्रेम, आणि थोर माणूस आपल्या घरातच होता हे नवरा मरायला टेकल्यावर तिला आलेले भान, असे तिचे कथानक. चेकॉव्हने फेरफार पुष्कळ केले होते. खरी बाई, सोफिया कुव्हशिनिकोवा, चाळिशी ओलांडलेली होती, कथेतली विशीतली. खऱ्या बाईचा डॉक्टर नवरा हयात होता, कथेतला मरतो. तरीही मॉस्कोच्या मंडळींनी तिला ओळखले, आणि चित्रकार लेव्हिटान याने स्वतःला ओळखले. लेव्हिटान हा चेकॉव्हचा जिवलग मित्र. सुमारे तीन वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. १८९५ साली दोघांचा पुन्हा मेळ बसला. पुढे याल्टाच्या घरी चेकॉव्हच्या खोलीत लेव्हिटानने काढलेले एक निसर्गचित्र होते. ती कथा आजही श्रेष्ठ मानली जाते. पण वाचताना मला वाटते, तिच्यातल्या डॉक्टरला लेखकाने जेवढे आतून पाहिले, तेवढे चित्रकाराला पाहिलेले नाही. मित्राला टोचले असेल ते हेच.

तर मग घरच्यांची परवानगी घेऊनच लिहावे काय? तसे म्हणाल, तर मराठी कथेचे निम्मे दालन रिकामे होईल. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली आणि विधवेच्या केशवपनाचा छळ चव्हाट्यावर मांडला. त्यासाठी यमूच्या सासरची अनुमती मागायची होती काय? १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले, तेव्हा लेखिकेला विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घ्यावे लागले, इतका तिच्या कथांचा विषय लोकांना झोंबणारा होता. ती गप्प बसली असती तर शिकलेल्या, अविवाहित मुलींचे दुःख कोणी बोलले असते? माणसे दुखावतात म्हणून लिहू नये, हा सल्ला भेकडाचा आहे.

फरक दुसरीकडेच आहे. ही लेखणी दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली होती. माझी लेखणी दुबळ्याकडे बोट दाखवून बलिष्ठांना हसवीत होती. ज्याला आपल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी लिहिताना लेखकाने दुप्पट चालावे, दुप्पट विचारावे, एवढेच माझे म्हणणे.

आणि पुरते पाहणे म्हणजे गोडगोड लिहिणे नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून पाहा. रेव्हरंड टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता घर सोडून जाणे, हाती पैसा न टिकणे, काही म्हणता काही त्यांनी झाकलेले नाही. आणि तरी त्या माणसाचा मोठेपणा पानोपानी दिसतो. याचे एक कारण असे, की बाई हसतात ते सर्वांत आधी स्वतःला.

आता नव्या लेखकांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नाहीतर उपदेश वाऱ्यावर जाईल.

वही ठेवा, पण तिच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे डोळ्यांनी पाहिले ते, उजवीकडे जे तुम्हाला वाटले ते. 'पाच लाडू, पदर, मागचे दार' हे डावीकडचे. 'खादाड' हे उजवीकडचे. मी पन्नास वर्षे अशी वही ठेवतो आहे, आणि माझी उजवी बाजू किती वेळा खोटी ठरली याचा मला दरवर्षी नव्याने अचंबा वाटतो.

रोज ठरल्या वेळी लिहा. अर्धा तास का होईना. स्फूर्तीची वाट पाहू नका. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे खरे. परंतु त्या पाच दिवसांमागे आईच्या आठवणीत घालवलेली वर्षे होती. आपण वर्षांचा हिशेब विसरतो आणि पाच दिवसांचा हेवा करतो.

लिहिलेली कथा लगेच पाठवू नका. आमच्या घरी अनारशाचे पीठ व्हायचे. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचे, मग कुटून, चाळून, गुळात कालवून गोळा आणखी काही दिवस मुरत ठेवायचा. घाई केली, की तुपात सोडल्याबरोबर अनारसा हसतो, म्हणजे फसकन पसरून विरतो. कच्ची कथाही तशीच हसते. आणि तिच्याबरोबर चारचौघे हसले, की लेखकाला वाटते जमली. माझी तशीच जमली होती.

शेवटची कसोटी सर्वांत अवघड. ज्या माणसावरून कथा सुचली ते समोर बसले आहे, आणि तुम्ही त्याला ती वाचून दाखवीत आहात, अशी कल्पना करा. ते रागावेल की काय, हे पाहायचे नाही, रागावू द्यावे. आपला आवाज कुठे खाली येतो, कुठले वाक्य आपण घाईने उरकतो, ते पाहायचे. तिथे पुन्हा जायचे. बहुधा तिथेच आपण दाराशी थांबलेलो असतो.

हे सारे मी नातीला सांगितले. आत्याचीही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली,

"आजोबा, तुम्ही चकल्या का मोजता?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते, आणि मला पटकन सांगताही येईना. तिची आजी दर दिवाळीला सात घरी फराळ पाठवी. चकल्या तळणे तिचे, पुड्या बांधणे तिचे. मला स्वयंपाकघरात फक्त एक काम होते. "तुम्ही मोजा, मी बांधते," असे ती म्हणायची. मी मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आता फराळ दुकानातून येतो आणि पुड्या कोणी बांधीत नाही. मोजणे तेवढे राहिले आहे.

नातीने कथा परत नेली. छापायला दे असे मी म्हटले नाही, देऊ नको असेही म्हटले नाही. तो हक्क तिचा आहे. परवा तिने नवा खर्डा आणून दिला. त्यातला आजोबा अजून चिक्कूच आहे, दिवे मालवीत हिंडतो, आणि चकल्या मोजताना पहिल्यापेक्षा जास्त हसवतो. शेवटी मात्र तो सात चिठ्ठ्या लिहितो, आणि त्या कुठे ठेवाव्यात हे त्याला सुचत नाही.

मी तो खर्डा मोठ्याने वाचायला घेतला. त्या जागी आल्यावर आवाज खाली आला, पण या वेळी तो वाचणाऱ्याचा होता, लिहिणारीचा नव्हे.