दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक

काव्यशास्त्रात उपमा, रूपक व दृष्टान्त हे अलंकार गणले आहेत. उपमेत साम्य ‘सारखा’, ‘जैसा’ अशा शब्दांनी दाखवितात. रूपकात दोन वस्तूंचा अभेद कल्पितात. दृष्टान्तात दोन गोष्टी बिंबप्रतिबिंबभावाने समोरासमोर ठेवतात. श्रीचक्रधरस्वामींच्या मुखीचा दृष्टान्त मात्र बोधासाठीच प्रकटला. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’तील ११४ दृष्टान्तांची सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक ही मांडणी हेच दर्शविते.

हत्ती व जन्मांधांचा दृष्टान्त घेऊ. पाय चाचपणाऱ्यास हत्ती खांबासारखा भासला, कान चाचपणाऱ्यास सुपासारखा. प्रत्येकाचा स्पर्श खरा होता. ‘हत्ती एवढाच’ हा निश्चय तेवढा खोटा. दार्ष्टान्तिकात हाच न्याय परमेश्वराच्या ठायी लावावयाचा आहे. एकदेशी ज्ञानाला जीव पूर्ण ज्ञान मानतो आणि पुढचा शोध सोडतो.

येथे एक सावधानता हवी. दृष्टान्ताचे साम्य विवक्षित अंशापुरतेच असते. हत्तीस अवयव आहेत, म्हणून परमेश्वरस्वरूपासही अवयव असावेत असे अनुमान काढणारा दृष्टान्ताची मर्यादा ओलांडतो. कोणता अंश घ्यावा हे सूत्र सांगते. म्हणून सूत्र सोडून दृष्टान्त वाचू नये.

कथा ऐकून जो त्या आंधळ्यांना हसला, तो दृष्टान्तापाशीच थांबला. ‘तो जन्मांध मीच तर नव्हे?’ असे ज्याने स्वतःस विचारले, त्याला दार्ष्टान्तिकाची वाट सापडली. भिक्षू असो वा वासनिक, पाठ म्हणताना प्रत्येकाने हा प्रश्न आपणास विचारावा.