व्रत आणि मनाई

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर १९३४ साली मुंबईच्या मॅजिस्ट्रेटपुढे अश्लीलतेची फिर्याद चालली, तेव्हा त्यांचा अपराध एवढाच होता की, हस्तमैथुनादी विषयांवर वाचकांनी पत्राने विचारलेल्या शंका त्यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात छापल्या आणि त्यांची सरळ, शास्त्रीय उत्तरे दिली. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शंका विकृत वाटली तरी तिचे निवारण ज्ञानावाचून व्हावयाचे नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत निघत राहिले.

त्या खटल्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधने नकोत, संयम हाच मार्ग, हे गांधीजींचे मत त्या भेटीनेही ढळले नाही, आणि तरुणांना उपदेश करणारे वडीलधारे आजही त्याच मताचा हवाला देतात. त्या मताची थोरवी मी नाकारीत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला घाई न करण्याचा सल्ला अवश्य द्यावा. परंतु हवाला देणारांना एका गोष्टीचा सोयीस्कर विसर पडतो. गांधीजींनी ब्रह्मचर्याचे व्रत १९०६ साली घेतले ते तेराव्या वर्षी विवाह होऊन, चार पुत्रांचे पिता झाल्यावर, म्हणजे ज्याचा त्याग करावयाचा त्याची पुरती ओळख पटल्यावर, आणि तेही स्वेच्छेने. ज्याला स्वतःच्या देहाविषयी कोणी अवाक्षरही सांगितलेले नाही, त्या मुलाकडून तेच मागावयाचे, तर त्याला व्रत म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही; ती निव्वळ मनाई होय.

या मनाईचे फळ पाहावयाचे असेल तर संध्याकाळी औषधांच्या दुकानाशी क्षणभर थांबावे. इतर गिऱ्हाइके निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांचा भाव उगाच विचारीत राहणारा विद्यार्थी तेथे दिसतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, नजर न मिळविता त्याच्यापुढे सरकविलेले निरोधचे पाकीट दिसते. आणि प्रसंग घडून गेल्यावर घ्यावयाची गोळी पुन्हा पुन्हा मागणारी एखादी मुलगीही दिसते. ती गोळी ७२ तासांच्या आत, अडीअडचणीपुरतीच घ्यावयाची असते, नेहमीचे साधन म्हणून ती नसते, आणि एचआयव्ही वा अन्य गुप्तरोगांपासून ती तिळमात्र संरक्षण देत नाही, तेथे निरोधच कामी येतो, हे तिला दुकानदारही सांगत नाही, कारण तिच्या मागे रांग असते. शाळांतून हे सांगण्याचा उपक्रम २००७ साली आपल्या राज्यात गदारोळ होऊन बंद पडला; फिर्यादीची भाषा त्र्याहत्तर वर्षांत फारशी बदलली नव्हती.

सरकारी रुग्णालयांतून आज ‘मैत्री’ क्लिनिक या नावाची, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सल्ला देणारी केंद्रे आहेत. पालकांना माझी विनंती एवढीच की, मुलांना संयम शिकवावाच, अठरा वर्षांखालील व्यक्तीशी संबंध हा कायद्याने गुन्हा आहे हेही सांगावे, पण त्याच बैठकीत या केंद्राचा पत्ताही द्यावा. आणि स्वतःच्या तोंडून हे बोलवत नसेल, तर निदान तेथवर त्यांच्याबरोबर जावे व स्वतः बाहेरच्या बाकावर बसावे.